मोसमी पाऊस आणि चक्रीवादळांच्या निर्मितीतील दीर्घकालीन बदल : कळंब (जि. यवतमाळ) परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

चक्रीवादळ हा किनारपट्टीचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज असल्यामुळे विदर्भाच्या प्रादेशिक इतिहासलेखनात त्याला स्थान मिळालेले नाही. प्रत्यक्षात विदर्भातील पावसाचा मोठा वाटा बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या अवदाबांशी निगडित आहे. प्रस्तुत शोधनिबंधात १८६४ पासून आजपर्यंतच्या हवामान नोंदींचा इतिहास, मोसमी वारे व चक्रीवादळे यांचा परस्परसंबंध आणि या संबंधात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेले बदल यांचा आढावा घेतला आहे. हे बदल वादळांच्या एकूण संख्येपेक्षा त्यांचा समुद्र, ऋतू आणि तीव्रता यांत अधिक दिसून येतात. त्यांचे परिणाम समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कळंबसारख्या कापूस पिकविणाऱ्या परिसरापर्यंत पोहोचतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मोसमी पाऊस, चक्रीवादळ, अवदाब, वऱ्हाड, कळंब, वर्धा खोरे, हवामानाचा इतिहास

१. प्रस्तावना

कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण यवतमाळ–वर्धा–नागपूर मार्गावर, चक्रावती नदीच्या काठी वसलेले आहे. 'आईन-ए-अकबरी'मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये 'कलम' या सरकारचा उल्लेख येतो. ते ठिकाण म्हणजे आजचे कळंब होय, असे अभ्यासक मानतात. येथील चिंतामणी गणेशाचे मंदिर विदर्भात सुप्रसिद्ध आहे. नकाशावर पाहिले असता कळंबपासून बंगालच्या उपसागराचा आंध्र किनारा आणि अरबी समुद्राचा मुंबई किनारा ही दोन्ही ठिकाणे सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरवर येतात. म्हणजेच दोन्ही समुद्रांपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर हा परिसर आहे.

या भौगोलिक स्थानाचा एक परिणाम असा झाला की, समुद्राशी आपला काही संबंध नाही, अशी धारणा येथील समाजात दृढ झाली. दुसरा परिणाम याच्या अगदी उलट आहे. दोन्ही समुद्रांतील घडामोडींचा प्रभाव या परिसरावर पडतो आणि त्यांपैकी कोणता समुद्र अधिक प्रभावी ठरतो, यावर येथील पावसाचे स्वरूप अवलंबून असते. दुष्काळ, कर्जबाजारीपणा, कापसाचे भाव आणि शेतकरी आत्महत्या या विषयांवर यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात विपुल लेखन झाले आहे. मात्र ज्या पावसावर ही सर्व व्यवस्था उभी आहे त्या पावसाच्या उगमाचा इतिहास दुर्लक्षितच राहिला. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत विषयाची निवड करण्यात आली आहे.

२. उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) भारतातील चक्रीवादळांच्या नोंदींची परंपरा कोणत्या गरजेतून निर्माण झाली, याचा शोध घेणे. (२) मोसमी परिस्थिती व चक्रीवादळांची निर्मिती यांचा संबंध स्पष्ट करणे. (३) या संबंधातील दीर्घकालीन बदलांचा कळंब परिसराच्या दृष्टीने अर्थ लावणे.

'चक्रीवादळांचा इतिहास बंदरे व जहाजे यांच्या दृष्टिकोनातून लिहिला गेल्यामुळे अंतर्भागातील प्रदेशांचा अनुभव त्यातून वगळला गेला' हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित अहवाल, हवामानशास्त्रीय शोधनिबंध आणि गॅझेटियर या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

३. नोंदींचा इतिहास : बंदरापासून तहसिलीपर्यंत

'सायक्लोन' हा इंग्रजी शब्द कलकत्त्यात जन्माला आला. हेन्री पिडिंग्टन या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात वादळात सापडलेल्या जहाजांच्या रोजनिशी अभ्यासून हा शब्द रूढ केला. त्याचे १८४८ मधील पुस्तक खलाशांसाठी लिहिलेले होते. ही बाब महत्त्वाची आहे. कारण चक्रीवादळाविषयीचे ज्ञान प्रारंभापासूनच जहाजांच्या सुरक्षिततेशी जोडले गेले.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यास आलेल्या प्रलयंकारी वादळाने हुगळीतील जहाजांची आणि किनाऱ्यावरील वस्तीची अपरिमित हानी केली. या वादळाचा अहवाल तयार करण्यात हेन्री ब्लॅनफर्ड यांचा सहभाग होता. पुढे १८६६ चा ओरिसातील दुष्काळ व एकूणच पावसाच्या लहरीपणामुळे संपूर्ण देशासाठी एक हवामान संस्था असावी, हा विचार बळावला. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली आणि ब्लॅनफर्ड तिचे पहिले प्रमुख झाले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांनी बंगालच्या उपसागरातील वादळांची माहिती देणारे मार्गदर्शक पुस्तक १८९० मध्ये प्रसिद्ध केले. बंदरांवर बावटे लावून जहाजांना इशारा देण्याची पद्धत याच काळात देशभर विस्तारली.

अशा रीतीने एकाच विभागात दोन वेगळ्या नोंदी तयार होऊ लागल्या. पहिली नोंद समुद्रावरील वादळांची. तिचा उपयोग व्यापारी जहाजांना होता. दुसरी नोंद जमिनीवरील पावसाची. तिचा संबंध शेतसारा आणि दुष्काळनिवारणाशी होता. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी 'वणी' अर्थात 'वून' या नावाने ओळखला जात असे. १९०५ मध्ये वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन त्याचा विस्तार झाला आणि त्याला 'यवतमाळ' हे नाव मिळाले. या जिल्ह्यातील पाऊस महसुली यंत्रणेमार्फत मोजला जात होता. तो कोठून आला, हे विचारण्याचे कारण महसुली यंत्रणेस नव्हते. तसेच वादळ किनारा ओलांडून पुढे कोठे गेले, याची चिंता बंदराच्या अधिकाऱ्यास नव्हती. वादळ आणि पाऊस या एकाच घटनेच्या दोन बाजू दोन वेगळ्या दप्तरांत गेल्या. अंतर्भागाचा इतिहास त्यामुळेच अपूर्ण राहिला.

या साधनांची चिकित्साही आवश्यक आहे. '६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळ येऊन एक लक्ष माणसे मृत्युमुखी पडली' असे विधान अनेक पुस्तकांतून पुनरुक्त झाले आहे. तथापि तत्कालीन वृत्तपत्रे व हवामान नोंदी यांत या घटनेस आधार मिळत नाही आणि अभ्यासक तिला काल्पनिक मानतात. याउलट २२ नोव्हेंबर १९४८ चे मुंबईचे वादळ नोंदींनी सिद्ध आहे. दुसरी अडचण अशी की, उपग्रहपूर्व काळात भर समुद्रातील वादळ एखादे जहाज त्याच्या मार्गात आले तरच कळत असे. हवामान उपग्रहांचा काळ १९६० पासून सुरू होतो. त्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची तुलना करताना ही मर्यादा सतत ध्यानात ठेवावी लागते.

हवामान विभागाचे मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्यास, १९२८ मध्ये पुण्यास आणि १९४४ मध्ये दिल्लीस हलविण्यात आले. १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था या नावाने प्रसिद्धीस आली. या संस्थेने देशातील ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या आधारे १८७१ पासूनची पावसाची मालिका तयार केली. तीत विदर्भ हा एक स्वतंत्र उपविभाग आहे. वादळांच्या मार्गांचे नकाशे आणि विदर्भाच्या पावसाची मालिका ही दोन्ही साधने आज उपलब्ध आहेत. ती एकत्र वाचणे हे इतिहास अभ्यासकाचे काम आहे.

४. मोसमी पाऊस : वादळाचा पाळणा आणि लगाम

उष्णकटिबंधीय चक्रीवादळ निर्माण होण्यासाठी समुद्रपृष्ठाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असावे लागते. त्याचबरोबर हवेच्या मधल्या थरांत पुरेशी आर्द्रता, पृथ्वीच्या परिवलनाचा प्रभाव, खालच्या थरात आधीच असलेला भोवरा आणि वरच्या व खालच्या वाऱ्यांच्या वेग-दिशेत कमीत कमी फरक या गोष्टी आवश्यक असतात. विल्यम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये व त्यानंतर या अटींची मांडणी केली.

जुलै-ऑगस्टमध्ये भारताभोवतीचे समुद्र उबदार असतात, हवा ओलसर असते आणि राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा पट्टा पसरलेला असतो. म्हणजेच बहुतेक अटी पूर्ण होतात. तरीही या महिन्यांत मोठी चक्रीवादळे क्वचितच होतात. याचे कारण मोसमी वाऱ्यांच्या रचनेतच आहे. जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात, तर सुमारे १४ ते १५ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वेगवान वारा वाहत असतो. या पूर्वी वायुस्रोताचे स्वरूप भारतीय शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये स्पष्ट केले. खाली पश्चिमेचा व वर पूर्वेचा वारा असल्यामुळे उभे राहू पाहणारे वादळ मध्येच तिरपे होते व त्याची उष्णता विखुरली जाते. वादळाला मोसमी पट्ट्याचा पाळणा मिळतो खरा; पण त्याच मोसमी वाऱ्यांचा लगामही त्याच्यावर असतो.

त्यामुळे पावसाळ्यात उपसागरात जे तयार होते ते बहुधा 'अवदाब' या पायरीवर थांबते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार अवदाबातील वाऱ्याचा वेग १७ ते २७ नॉट इतका असतो आणि ३४ नॉटच्या पुढे चक्रीवादळ ही संज्ञा लागू होते. हे अवदाब वाऱ्याने घरे पाडत नाहीत. ते ओडिशाच्या किनाऱ्यावरून छत्तीसगड, मध्य प्रदेश व विदर्भाच्या दिशेने सरकतात आणि मार्गात दोन-चार दिवस पाऊस देतात. विदर्भात ज्याला 'झड लागणे' म्हणतात त्या संथ, सलग पावसाचा या प्रणालींशी निकटचा संबंध आहे. किनाऱ्यावर ज्याचे भय वाटते त्याच घटनेच्या सौम्य रूपाची कळंबचा शेतकरी वाट पाहत असतो. इतिहासलेखनात हे वास्तव नोंदविले गेले नाही.

लगाम सैल असतो त्या दोन काळांत, म्हणजे एप्रिल ते जूनचा प्रारंभ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, चक्रीवादळे निर्माण होतात. मोसमी वारे कधी प्रस्थापित होतात आणि कधी माघार घेतात, यावर वादळांचा ऋतू ठरतो. म्हणून मोसमी वाऱ्यांच्या ताकदीत किंवा वेळापत्रकात दीर्घकालीन बदल झाला, तर चक्रीवादळांच्या निर्मितीतही बदल होणे क्रमप्राप्त आहे.

५. दीर्घकालीन बदलांचे स्वरूप

५.१ उपसागरातील अवदाब

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पावसाळी अवदाबांची संख्या घटत गेल्याचे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. २००२ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय ठरले. त्या वर्षीच्या जून ते सप्टेंबर या काळात एकही अवदाब निर्माण झाला नाही आणि देशाच्या मोसमी पावसात १९ टक्के तूट आली. जुलैमध्ये तर देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. प्रजीश, अशोक व राव यांनी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासात या घटीचे कारण उपसागरावरील हवेच्या मधल्या थरांतील आर्द्रता कमी होणे हे असल्याचे मांडले. २०१८ मधील एका अभ्यासाने या प्रणाली उत्तरेकडे सरकण्याची प्रवृत्तीही निदर्शनास आणली.

या निष्कर्षाला आव्हानही दिले गेले आहे. कोहेन व बूस यांनी २०१४ मध्ये असा प्रश्न उपस्थित केला की, अलीकडील दशकांतील घट ही निसर्गातील आहे की नोंदी घेण्याच्या पद्धतीतील. त्यांच्या मते इतर साधनांनी मोजल्यास अलीकडील तीन दशकांतील घट तितकीशी स्पष्ट राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास हा वाद परिचित वाटेल, कारण दप्तर बदलले की इतिहासही बदललेला दिसतो. तरीही केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील हवामान बदलविषयक अहवालाने काही बाबी नोंदविल्या आहेत. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठाचे तापमान सुमारे १ अंशाने वाढले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तर हिंदी महासागरातील वादळांची वार्षिक संख्या कमी झाली, मात्र पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतील अतितीव्र वादळे गेल्या दोन दशकांत वाढली.

५.२ अरबी समुद्र

पारंपरिक हिशेबाप्रमाणे उत्तर हिंदी महासागरात वर्षाला सुमारे पाच चक्रीवादळे होत आणि त्यांपैकी चार उपसागरात, तर एक अरबी समुद्रात असे. हे प्रमाण बदलत असल्याची चिन्हे १९९८ च्या जूनमधील कांडला बंदरावरील वादळापासून दिसू लागली. २००७ चे 'गोनू', २०१० चे 'फेट', २०२० चे 'निसर्ग', २०२१ चे 'तौक्ते' आणि २०२३ चे 'बिपरजॉय' ही सर्व वादळे मे-जूनमध्ये, मोसमी पावसाच्या उंबरठ्यावर निर्माण झाली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगड किनाऱ्यावर धडकले तेव्हा महाराष्ट्रास या बदलाची प्रत्यक्ष जाणीव झाली.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२–२००० या कालखंडाच्या तुलनेत २००१–२०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, तर उपसागरात ती ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रातील वादळांचा एकूण कालावधीही ८० टक्क्यांनी वाढला.

या वाढीमागील कारणांबाबत दोन मते प्रामुख्याने मांडली गेली. अमातो इव्हान व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे प्रतिपादन केले की, दक्षिण आशियावरील प्रदूषित धुरकट हवेमुळे मोसमी वाऱ्यांची रचना क्षीण झाली, वरच्या व खालच्या वाऱ्यांतील फरक घटला आणि त्यामुळे जून महिन्याच्या आसपासच्या वादळांना बळ मिळाले. त्याला उत्तर देताना बिन वांग व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगळे कारण पुढे केले. वादळे आता काही दिवस आधी, म्हणजे मोसमी वारे प्रस्थापित होऊन लगाम आवळण्यापूर्वी, निर्माण होत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पहिल्या मतानुसार लगाम सैल झाला आहे, तर दुसऱ्या मतानुसार लगाम आवळण्यापूर्वीच वादळ निसटते. दोन्ही मतांच्या केंद्रस्थानी मोसमी वारेच आहेत, ही गोष्ट येथे महत्त्वाची होय. समुद्राच्या तापमानवाढीने या प्रक्रियेला इंधन पुरविले, याबाबत फारसे दुमत नाही.

उलट दिशेनेही परिणाम होतो. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' दीर्घकाळ अरबी समुद्रात रेंगाळले आणि मोसमी पावसाची वाटचाल खोळंबली. केरळमध्ये ८ जूनला पोहोचलेला पाऊस विदर्भात जूनच्या चौथ्या आठवड्यात आला, तर मुंबई व दिल्लीत तो २५ जून या एकाच दिवशी पोहोचला. मृग नक्षत्रात पेरणीची तयारी करून बसलेल्या शेतकऱ्यास दूरच्या समुद्रातील वादळाची किंमत अशी मोजावी लागते.

६. कळंब परिसर व यवतमाळ जिल्हा : तीन प्रसंग

उपरोक्त बदलांचा अर्थ स्पष्ट होण्यासाठी परिसरातील तीन प्रसंगांचा विचार करता येईल.

पहिला प्रसंग १९९१ चा आहे. कळंबच्या ईशान्येस वाहणारी वर्धा नदी यवतमाळ व वर्धा जिल्ह्यांची सीमा आखते. या नदीच्या वरच्या खोऱ्यात, नागपूर जिल्ह्यात मोवाड हे गाव आहे. जुलै १९९१ च्या अखेरीस उपसागरातून आलेला अवदाब मध्य भारत ओलांडत असताना वर्धा खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि ३० जुलै रोजी मोवाड महापुरात सापडले. २०४ जण मृत्युमुखी पडले. गावाचे नंतर पुनर्वसन करण्यात आले. विदर्भाच्या स्मृतीत ही घटना 'मोवाडचा पूर' म्हणून राहिली. ती उपसागरातील प्रणालीशी जोडली गेली नाही. पावसाळी अवदाबाचे रौद्र रूप कसे असते, याचे हे उदाहरण होय.

दुसरा प्रसंग २०१९ चा आहे. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा असाधारण उबदार होता. मोसमी पावसाने देशातून माघार घेण्यास ९ ऑक्टोबरला सुरुवात केली. नोंदींच्या इतिहासातील ही सर्वांत उशिराची तारीख होती. अरबी समुद्रात त्या वर्षी पाच चक्रीवादळे झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार' व 'महा' ही दोन वादळे त्या समुद्रात एकाच वेळी वावरत होती. महाराष्ट्रात काढणीला आलेले सोयाबीन भिजले, कापसाची फुटलेली बोंडे काळवंडली आणि 'ओला दुष्काळ' हा शब्द सर्वतोमुखी झाला. खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये मदत जाहीर झाली. येथे वादळाने विदर्भाची भूमी गाठली नव्हती. ओलाव्याचा समुद्र आणि ऋतू बदलला, एवढेच पुरेसे ठरले.

तिसरा प्रसंग सप्टेंबर २०२१ चा आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मोसमी वारे क्षीण होऊ लागले की उपसागरात चक्रीवादळ निर्माण होऊ शकते. २००५ चे 'प्यार' व २०१८ चे 'दाये' ही त्याची उदाहरणे आहेत. २०२१ मधील 'गुलाब' हे वादळ २६ सप्टेंबरच्या रात्री आंध्रमधील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष तेलंगणा, विदर्भ व मराठवाडा ओलांडून अरबी समुद्रात पोहोचले. तेथे त्यांना पुन्हा बळ मिळून 'शाहीन' हे नवे वादळ तयार झाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानवर धडकले. या प्रवासादरम्यान २८ सप्टेंबर रोजी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात राज्य परिवहनची बस पुलावरून वाहून गेली व प्रवाशांचे प्राण गेले.

या प्रसंगातील एक तपशील इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. किनाऱ्यावर त्या प्रणालीला 'गुलाब' हे नाव होते आणि अरबी समुद्रात गेल्यावर 'शाहीन' हे नाव मिळाले. मधल्या भूमीवर, म्हणजे तेलंगणा-विदर्भ-मराठवाड्यावर, ती केवळ 'अवदाब' व पुढे 'कमी दाबाचे क्षेत्र' होती. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. परंतु वाऱ्याचा वेग उतरला की नाव सुटते आणि पाऊस मात्र सुटत नाही. ज्याला नाव नाही ते स्मृतीत टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील बंदराच्या बावट्याने आखलेली सीमा एकविसाव्या शतकातही या स्वरूपात शिल्लक आहे.

७. लोकस्मृती व पावसाचे बदलते रूप

वऱ्हाडातील शेतकऱ्यांची कालगणना नक्षत्रांवर आधारलेली आहे. मृग-आर्द्रात पेरणी, पुष्य-आश्लेषात झड आणि हस्त नक्षत्रात 'हत्तीचा पाऊस' असा हा क्रम होता. हस्त नक्षत्र सप्टेंबरच्या अखेरीस लागते व ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. मोसमी वारे सैल पडून उपसागरात वादळे आकार घेऊ लागतात तो हाच काळ होय. परंपरेने हवामानशास्त्राची भाषा वापरली नसली तरी दोन ऋतूंच्या सांध्यावरील पावसाचे वेगळेपण तिने अचूक टिपले होते.

कळंबच्या चिंतामणी मंदिरात जमिनीच्या पातळीखाली उतरून गेल्यावर कुंड लागते. सुमारे बारा वर्षांनी या कुंडाचे पाणी वाढून गणेशाच्या चरणांना स्पर्श करते, अशी भाविकांची श्रद्धा असून तिच्याशी इंद्राची आख्यायिका जोडलेली आहे. या श्रद्धेकडे पावसाचे प्रमाण मोजण्याचे साधन म्हणून पाहता येणार नाही. तथापि भूजलाच्या चढ-उताराची दखल समाजाने आपल्या पद्धतीने पिढ्यान्‌पिढ्या घेतली, याची ती साक्ष आहे. पाणी केव्हा वाढले याच्या तारखा नोंदविल्या गेल्या, तर त्या पावसाच्या मालिकेशी ताडून पाहता येतील.

या स्मृतीतील पावसाचे स्वरूप आज बदलत आहे. पुण्यातील संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांच्या अनियमित उसळीशी आहे. वर्षाचा एकूण पाऊस फारसा न बदलता तो कमी दिवसांत पडू लागला, तर सरासरीचा आकडा समाधान देतो आणि शेत मात्र एकदा खरवडले जाते व एकदा वाळते. २२ जुलै २०२३ रोजी जिल्ह्यातील महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या ग्रामस्थांसाठी वायुदलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली.

जुलै २००६ मध्ये पश्चिम विदर्भातील पाच व वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले. त्यात कर्ज व सिंचन यांवर भर होता. कोरडवाहू कापसाच्या संकटाचे मूळ पावसाच्या तुटीत आहे, हे त्यामागील गृहीत होते. ते चुकीचे नव्हते. मात्र ऑक्टोबरमधील अवेळी पावसाचे आणि दोन-चार तासांच्या अतिवृष्टीचे संकट त्या चौकटीत बसत नव्हते. इतिहासाचे अपुरे वाचन धोरणातही कसे उतरते, हे यावरून दिसून येते.

८. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) भारतातील चक्रीवादळांच्या नोंदी बंदरांच्या गरजेतून, तर पावसाच्या नोंदी महसुली गरजेतून निर्माण झाल्या. या विभागणीमुळे विदर्भासारख्या अंतर्भागाचा अनुभव वादळांच्या इतिहासातून वगळला गेला. अभ्यासाच्या प्रारंभी मांडलेले गृहीतक यावरून सिद्ध होते.

(२) मोसमी परिस्थिती वादळास जन्म देते व त्यास आवरही घालते. मोसमी वाऱ्यांची ताकद, त्यांच्या आगमनाची व माघारीची वेळ आणि समुद्राचे तापमान यांतील बदलांमुळे वादळांचा समुद्र, ऋतू व तीव्रता बदलत आहे. केवळ एकूण संख्या पाहिल्यास हा बदल लक्षात येत नाही.

(३) उपसागरातील संथ अवदाबांवर पोसलेला कळंब परिसराचा पाऊस अरबी समुद्राच्या प्रभावाखाली अधिक येत असल्याचे मध्य भारतविषयक अभ्यास सूचित करतात. प्रदेशपातळीवरील हा निष्कर्ष तालुक्याच्या पर्जन्यनोंदींशी ताडून पाहणे हे पुढील संशोधनाचे कार्य आहे.

९. सूचना

तहसील कार्यालयांतील जुन्या पर्जन्य नोंदवह्या जीर्ण होण्यापूर्वी त्यांचे संगणकीकरण व्हावे. महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे त्या नोंदी भारतीय हवामान विभागाच्या वादळमार्ग नकाशांशी जोडून पाहाव्यात. पूर, झड, अवेळी पाऊस यांविषयी वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी नक्षत्र व वर्षासह लिहून घ्याव्यात. किनारा ओलांडलेल्या वादळाच्या अवशेषांस अंतर्भागातही त्याच्या मूळ नावानेच संबोधून इशारे दिले जावेत. असे झाल्यास किनाऱ्यावरील बातमी आणि आपल्या गावातील नाला यांचा संबंध नागरिकांच्या ध्यानी येईल आणि पुलावरून पाणी वाहत असताना चालक व प्रवासी वेळीच थांबतील. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासाची सामाजिक उपयुक्तता यातच आहे.